कापसाचे पैसे घरात घालताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं घर दारव्हा तालुक्यात. 600 चौरस फुटांचा स्लॅब पंधराएक वर्षांपूर्वी टाकला. पावसाळ्यात दोन खोल्या गळतात, मे महिन्यात रात्री बारापर्यंत आत बसवत नाही. यंदा कापूस विकून दीड लाख बाजूला ठेवले. पोरं म्हणतात पीओपीचं सिलिंग आणि टाइल्स करा, मिस्त्री म्हणतो स्लॅबवर विटांचा कोबा, म्हणजे वीटतुकड्यांचा जाड थर, टाका. कशात पैसे घालू?

उत्तर : सिलिंग सध्या सोडा. गळका स्लॅब पीओपीनं झाकला की गळती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते. पाणी आतल्या पट्ट्यांवर उतरतं, पीओपी फुगतो आणि एखाद्या पावसाळ्यात तुकडा खाली येतो. तोवर स्लॅबमधली सळई गंजत राहते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

कोब्यालाही आमचा विरोध आहे, पण कारण वेगळं. 4 इंची कोब्याचं वजन चौरस मीटरमागे 200 किलोच्या घरात जातं. तुमच्या छतावर म्हणजे 11 टनांच्या आसपास! स्लॅब टाकताना हे वजन धरलं होतं का, हे इंजिनिअरला दाखवल्याशिवाय कोबा टाकू नका. त्यातून जुना कोबा न काढता त्यावरच नवा थर मारला, तर आत मुरलेलं पाणी कोंडतं आणि पाऊस संपल्यावरही झिरपत राहतं.

आधी पाणी कुठून शिरतं ते बघा. स्लॅबच्या मधोमध क्वचितच सापडेल. कठडा आणि स्लॅब यांचा सांधा, पाणी उतरवणाऱ्या पाइपाचं तोंड, आणि टाकीखालची जागा इथं शोधा. काम होळीनंतर धरा आणि मृगाच्या आधी संपवा. छत तारेच्या ब्रशनं घासून धूळ पूर्ण झाडा. भेगा छिन्नीनं इंग्रजी व्ही अक्षरासारख्या सेंटिमीटरभर खोल उकरा आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरा. नुसतं सिमेंटचं पाणी ओतलं तर पहिल्याच उन्हाळ्यात भेग पुन्हा उघडते. कठड्याचा कोपरा मसाल्यानं गोल करून घ्या. काटकोनात कोटिंग (पाणी अडवणारा लेप) ताणलं जातं आणि तिथंच फाटतं. उतार 10 फुटांना निदान सव्वा इंच हवा, आणि पाइप 4 इंची. 2 इंची पाइपात एक निंबाची काडी अडकली तरी छताचं तळं होतं.

मग कोटिंग. पहिला हात पातळ, प्रायमर म्हणून. त्यावर दाट दोन हात, आणि सांध्यांवर मधे फायबरची जाळी. 600 चौरस फुटांना दाट दोन हातांसाठी 25 ते 30 लिटर लागतं. कुणी 10 लिटरमध्ये करून देतो म्हणाला, तर तो रंग देतोय, वॉटरप्रूफिंग नव्हे. दुपारी काम करू देऊ नका. तापलेल्या स्लॅबवर कोटिंग धरण्याआधीच वाळतं आणि पापुद्रे सुटतात. सकाळी नऊच्या आत किंवा दिवस कलल्यावर हात मारा. आठवड्याभरानं पाइपाची तोंडं बंद करून दोन इंच पाणी 48 तास उभं ठेवा. मजुरीचा शेवटचा हप्ता या परीक्षेनंतरच द्यायचा, हे आधीच बोलून घ्या.

कोटिंगचा रंग पांढराच घ्या. दुकानदार राखाडी किंवा विटकरी दाखवेल, मळ दिसत नाही म्हणून. पण तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं औषध याच रंगात आहे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि तीच धग रात्री खाली सोडतो, म्हणून बारापर्यंत बसवत नाही. पांढरं छत बरंचसं ऊन परत फेकतं. मळ बसला की हा गुण कमी होतो, म्हणून दर फाल्गुनात छत धुवा. आणखी थंडावा हवा असेल तर कृषी केंद्रात मिळणारी 50 किंवा 75 टक्क्यांची शेडनेट पाइपाच्या सांगाड्यावर छतापासून अडीच-तीन फूट वर ताणा. स्लॅबला टेकलेली नेट उपयोगाची नाही, मधून वारा खेळायला हवा. वादळाआधी उतरवता येईल अशी बांधा.

स्लॅबच्या खालच्या बाजूनं छपाई (प्लास्टर) पडून सळई दिसत असेल तर आधी ती दुरुस्ती: गंज घासणं, गंजरोधक, मग पॉलिमरचा मसाला. सळई झिजून बारीक झाली असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. एवढं करून पैसे उरले तर कूलरच्या समोरच्या भिंतीत खिडकी काढा. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर मोठा कूलरही खोली फक्त दमट करतो. टाइल्स सगळ्यात शेवटी. जुनी फरशी शाबूत असेल तर तिनं काही बिघडत नाही.

प्रश्न : दर्यापूरजवळ आमचं वीटबांधणीचं घर आहे. भिंतींची छपाई खालून तीन फुटांपर्यंत गळून पडते, पांढरं मीठ दिसतं. दोनदा सिमेंटची छपाई केली. आता खाली टाइल्स लावून टाकाव्यात का? बाहेर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेगही गेली आहे.

उत्तर : ताई, टाइल्स लावू नका. तुमचा भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. जमिनीतली ओल क्षार घेऊन विटांमधून वर चढते, पाणी उडून जातं आणि मीठ छपाईमागे साठून तिला ढकलतं. सिमेंट किंवा टाइलनं तोंड बंद केलं की ओल वर सरकते. आज तीन फूट आहे, मग पाच होईल. दोनदा केलेली छपाई बोअरच्या खाऱ्या पाण्यात कालवली असेल तर मीठ वरून घातल्यासारखंच झालं.

मिठाच्या रेघेच्या दीड फूट वरपर्यंत छपाई काढा, विटांचे सांधे अर्धा इंच उकरा आणि कोरड्या ब्रशनं झाडा. धुवू नका, मीठ पुन्हा आत मुरतं. झाडलेली माती घरापासून लांब टाका. भिंत अख्खा उन्हाळा उघडी राहू द्या. मग 1 भाग सिमेंट, 1 भाग चुना, 6 भाग रेती अशी छपाई गोड्या पाण्यात करा. रेती नदीची, धुतलेली. पाण्याचा टँकर मागवावा लागला तरी मागवा. भारतीय मानकात सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. जिभेला खारट लागणारं पाणी स्लॅब-बीमच्या कामाला वापरूच नये. रंग चुन्याचा द्या, ऑइलपेंट नको.

ओल मुळातून थांबवायची तर जोत्यावर ओलरोधक थर हवा. तो जुन्या घरात नंतर घालणं महाग आणि किचकट काम आहे. त्याआधी घराभोवती 3 ते 4 फूट रुंद काँक्रीटची पट्टी करा, खाली जाड प्लास्टिक, उतार बाहेरच्या बाजूला. न्हाणीचं पाणी भिंतीलगत सोडू नका, शोषखड्डा 10 फुटांपलीकडे न्या. याच पट्टीनं भेगेचाही प्रश्न बराच हलका होतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पायाखालची ओल वर्षभर जितकी सारखी, तितकी भिंत कमी हलते. भेगेच्या टोकांवर पेन्सिलनं खूण आणि तारीख घाला. उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल तर ती मातीची, तिच्यात कडक सिमेंट भरू नका, लवचीक सीलंट भरा. दर वर्षी वाढतच असेल तर पाया तपासून घ्या.

प्रश्न : छतावर सोलर लावलं तर 78,000 रुपये सबसिडी मिळते म्हणतात. आमचं वर्षाचं वापराचं गणित 1,500 युनिटच्या आसपास आहे. वायरिंग मात्र जुनी आहे. आधी काय करावं?

उत्तर : वायरिंग. उन्हाळ्यात लोखंडी कूलर, त्यात पाणी, खाली ओली फरशी आणि अनवाणी माणूस. इतक्या स्वस्तात टळणारा इतका मोठा धोका घरात दुसरा नाही. मेन बोर्डवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवा. साधा एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. बसवल्या बसवल्या तो वारंवार पडत असेल तर बायपास करू नका. कुठंतरी करंट गळतोय आणि तो तेच सांगतोय. लाइटला दीड चौरस मिलिमीटरची वायर, प्लगला अडीचची, गिझर किंवा एसीला चारची. अर्थिंग स्वतंत्र हवं. बोर्डात अर्थ आणि न्यूट्रल एकत्र गुंडाळून देणारे वायरमन आहेत, तसं करू देऊ नका. काळी माती उन्हाळ्यात अर्थिंगच्या नळीपासून सुटते, म्हणून मार्च ते जून त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता.

आता सोलर. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000 आणि 3 किंवा त्याहून अधिकला 78,000 रुपये मिळतात. पण सबसिडी बघून आकार ठरवू नका. 1 किलोवॅट दिवसाला सरासरी 4 युनिट देतं, म्हणजे वर्षाला साधारण 1,400. तुम्हाला तेवढंच पुरतं. घरात एसी येणार असेल तर 2. शिल्लक युनिटचे वर्षअखेरीस मिळणारे पैसे घरगुती दरापेक्षा बरेच कमी असतात. आणि हे लक्षात घ्या, बॅटरी नसलेलं ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं, सोलर लाइन गेली की बंद पडतं. भारनियमनासाठी घेत असाल तर पस्तावाल. छत गळत असेल तर आधी ते करा, आणि कोटिंगला भोक न पाडता सांगाडा सिमेंटच्या वजनी ठोकळ्यांवर बसवा. आमच्याकडच्या वादळात हे ठोकळे नेमके किती वजनाचे लागतील ते विक्रेत्याकडून लिहून घ्या.

प्रश्न : मॉड्युलर किचन करू का? घर मातीच्या भिंतींचं, उधई आहे.

उत्तर : नको. उधईला लाकडाच्या भुशाच्या पाट्या म्हणजे मेजवानी. कडप्प्याचा ओटा, खाली कडप्प्याच्याच उभ्या फळ्या, ॲल्युमिनियमची दारं. ओट्याची उंची घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या कोपरापेक्षा चार बोटं खाली ठेवा. मिस्त्री सगळीकडे एकच माप लावतो.