रायफलींचं नंतर, आधी ती पॉलिसी मोडा

अ‍ॅरिझोनातल्या चँडलरहून एका वाचकाचं पत्र आहे. वय ३९, ग्रीनकार्ड, पत्नीही नोकरी करते, मुलगी सात वर्षांची. त्यांचा पगार १,२०,००० डॉलर, दोघांचा मिळून २,१०,०००. दोन वर्षांपासून ते फिनिक्सला काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग, म्हणजे जुन्या काउबॉय धर्तीच्या बंदुकांनी नेमबाजीचे सामने, खेळतात. गेल्या दहा महिन्यांत त्यांनी वापरलेल्या सात लिव्हर-अ‍ॅक्शन (खालचा दांडा ओढून काडतूस भरायच्या) रायफली घेतल्या आणि पाच विकल्या. ‘प्रत्येकी ३०० डॉलर सुटले’ असं ते म्हणतात. घरावर ८ टक्क्यांनी २५,००० डॉलरचं कर्ज काढून हेच वाढवावं का, एवढाच त्यांचा प्रश्न. पत्राच्या शेवटी मात्र तीन गोष्टी जाता जाता लिहिल्या आहेत. रायफलींसाठी पैसे मोकळे व्हावेत म्हणून ४०१-के या नोकरीतल्या निवृत्ती खात्याची पगारातली कपात ६ टक्क्यांवरून ३ वर आणली, आणि कंपनी ६ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर घालते. क्रेडिट कार्डावर ६,५०० थकले आहेत, व्याज २३ टक्के. आणि ‘निवृत्तीची करमुक्त सोय’ म्हणून ओळखीतल्या एजंटाकडून घेतलेल्या इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसीत (शेअर निर्देशांकाला जोडलेला आयुर्विमा) तीन वर्षं दरमहा ७५० जात आहेत.

घरावर कर्ज काढू नका. आणि वकिलाशी बोलणं होईपर्यंत एकही रायफल स्वतः विकू नका.

आधी तुमचे ३०० तपासू. परराज्यातल्या माणसाकडून १,००० डॉलरला मार्लिन कंपनीची रायफल घेतली, तर ती तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानातूनच हातात येते. पाठवणी ५० आणि दुकानाची नोंदणी ३० धरा. स्प्रिंगा, सफाई, एखादा स्क्रू यांचे ६०. म्हणजे खर्च झाला १,१४०. ऑनलाइन लिलावात १,३०० आले, तर संकेतस्थळाचं कमिशन ७० आणि कार्डाचा आकार ४० गेला, हातात १,१९०. उरले ५०. सामन्याच्या ठिकाणी ओळखीच्याला विकलीत तर १६०. तीनशे कुठेच नाहीत. २५,००० मध्ये वीसेक रायफली येतील. वर्षातून तीनदा माल फिरला असं अगदी उदारपणे धरलं, तरी ६० रायफलींचे ३,००० मिळतात. कर्जाचं व्याज २,०००. उरलेल्या १,००० वर प्राप्तिकर २२ टक्के, अ‍ॅरिझोनाचा अडीच टक्के आणि वर स्वयंरोजगार कर.

शिवाय माल नेहमी फिरत नाही, हे तुमच्याकडे पडून असलेल्या दोन रायफलींवरूनच दिसतं. विंचेस्टर ९४ ही .३०-३० या रायफलीच्या काडतुसाची आहे. काउबॉय सामन्याच्या मुख्य फेरीत पिस्तुलाच्या काडतुसाचीच रायफल चालते: .३८ स्पेशल, .३५७, .४४-४०, .४५ कोल्ट वगैरे. .३०-३० फक्त लांब पल्ल्याच्या जोडसामन्यात चालते. म्हणजे ज्या गिऱ्हाइकासाठी ती घेतलीत, त्याला ती नकोच आहे. दुसरी मार्लिन १८९४. तिच्या नळीवर ‘जेएम’ शिक्का आहे म्हणून तुम्ही जास्त पैसे मोजलेत. हा शिक्का म्हणजे कनेक्टिकटमधल्या नॉर्थ हेवनच्या जुन्या कारखान्यातली, रेमिंग्टनने २००७ साली कंपनी घेण्याआधीच्या पद्धतीची घडण, आणि त्याला मान आहे हे खरं. पण तुमच्या रायफलीला नंतर पुन्हा निळं पॉलिश दिलेलं आहे. पॉलिश बदललं की संग्राहक पाठ फिरवतो आणि मग फक्त खेळणाऱ्याचा भाव मिळतो. त्यातच २०२० मध्ये मार्लिन रुगर या बंदूक कंपनीकडे गेली आणि १८९४ पुन्हा नवीन मिळू लागली. टंचाईच्या काळातला भाव कायमचा धरून खरेदी करणं चूक होतं.

खेळासाठी कधी घ्यायचीच असेल तर मार्लिन १८९४ चा लिव्हर रिकाम्या रायफलीवर नव्हे, डमी काडतुसं भरून दहा-बारा वेळा पूर्ण चालवून बघा. लिव्हरची टोकदार कड आतल्या कॅरिअरला, म्हणजे काडतूस वर उचलणाऱ्या भागाला, खालून खाते. खाच पडली की मॅगझिनमधून दुसरं काडतूस अवेळी घुसतं आणि सगळं अडकतं. त्याला कॅरिअर बदलून लिव्हरची कड गोल करून घ्यावी लागते, आणि तो खर्च भाव ठरवतानाच वळता करायचा असतो. रॉसी ९२ असेल तर मॅगझिनमधला काडतुसं ढकलणारा प्लास्टिकचा फॉलोअर आणि रिकामं काडतूस बाहेर फेकणारी फार ताठ इजेक्टर स्प्रिंग बघा. कुठलीही असो, नळीचं तोंड, दस्त्याच्या मानेवरची चीर, दुर्बिणीसाठी पाडलेली जादा भोकं आणि खाच बिघडलेले स्क्रू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता कायद्याचं, कारण इथे तुमचं ग्रीनकार्ड गुंतलेलं आहे. मुख्यतः नफ्यासाठी वारंवार बंदुका घेणं-विकणं हा धंदा ठरतो आणि त्याला संघराज्याचा परवाना लागतो. २०२२ च्या कायद्याने ही व्याख्या आणखी रुंद केली. किती बंदुकांपर्यंत चालतं असा आकडा कुठेच नाही. हेतू पाहिला जातो, आणि तुम्ही तर प्रत्येक रायफलीच्या नफ्याची एक्सेल ठेवली आहे. विनापरवाना धंद्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या बिगरनागरिकाला देशाबाहेर काढता येतं. परवान्याचं शुल्क तीन वर्षांना फक्त २०० डॉलर आहे, अडचण ती नाही. घरातून धंदा करायला शहराचे झोनिंग नियम आणि सोसायटीची परवानगी लागते, प्रत्येक बंदुकीची वहीत नोंद करावी लागते, आणि तपासणीला माणूस घरी येतो. वर्षाच्या हजार डॉलरसाठी हे कोणी करू नये. स्वतः खेळायची रायफल बदलणं किंवा स्वतःचा संग्रह कमी करणं याला परवाना लागत नाही. पडून असलेल्या दोन रायफली मात्र आधी बंदूक कायद्याच्या वकिलाला दाखवा, आणि तो हो म्हणाला तर परवानाधारक दुकानात कमिशनवर ठेवून द्या. १५-२० टक्के जातील, जाऊ द्या.

हे सगळं मिळूनही नुकसान दोनेक हजारांचं आहे. खरं भगदाड तुम्ही विचारलंच नाही.

पॉलिसीत ३६ महिन्यांत २७,००० भरलेत आणि आज मोडली तर ८,५०० मिळतील. उरलेले १८,५०० एजंटाचं कमिशन, विम्याचा आकार आणि मोडण्याचा दंड यांत आहेत. तुम्हाला दाखवलेला ७ टक्क्यांचा तक्ता म्हणजे हमी नाही. निर्देशांकाच्या वाढीला वरून मर्यादा असते, विमा कंपनी ती मर्यादा बदलू शकते, आणि लाभांश त्यात धरत नाहीत. ‘बाजार पडला तरी शून्याखाली नाही’ हे वाक्य अर्धवट आहे, कारण त्या वर्षीही आकार कापले जातातच आणि वयाबरोबर विम्याचा आकार चढत जातो. आणि एवढं भरून संरक्षण किती? ३,००,०००. तुमच्या अडीच वर्षांच्या पगाराएवढं, घरात सात वर्षांची मुलगी असताना. ज्याने ४०१-केमधली तुमच्या कंपनीची जोड पूर्ण घेतली आहे का हे न विचारता ही पॉलिसी विकली, त्याने तुमच्या निवृत्तीचा विचारच केलेला नाही.

क्रम चुकवू नका. आधी १० लाखांचा २० वर्षांचा टर्म विमा घ्या. तब्येत चांगली आणि धूम्रपान नसेल तर महिना ६०-७० डॉलरच्या आसपास पडेल. वैद्यकीय तपासणी होऊन ती पॉलिसी हातात आली, पहिला हप्ता गेला, की मगच जुनी मोडा. मोडण्याआधी विमा कंपनीकडून आजचं मोडमूल्य आणि हमीच्या दराने पुढचा तक्ता लेखी मागवा. एजंट ‘अजून दोन वर्षं थांबा, दंड कमी होईल’ म्हणेल. दोन वर्षं म्हणजे आणखी १८,००० डॉलर. कोणी तोट्याची रक्कम करासाठी जपायला अ‍ॅन्युइटीत (विमा कंपनीच्या पेन्शन योजनेत) वळवायला सांगेल. युक्ती खरी आहे, पण कार्डावर २३ टक्के चालू असताना तुमच्या कामाची नाही, पैसा पुन्हा अडकेल. ८,५०० तून कार्डाचे ६,५०० आजच्या आज फेडा, वर्षाचे १,५०० वाचले. मोडमूल्य भरलेल्या रकमेपेक्षा कमी असल्याने त्यावर कर नाही.

४०१-के याच पगारापासून ६ टक्क्यांवर न्या. महिना ३०० जादा जातील, पण कर वाचून हातातला पगार सुमारे २२५ नेच कमी होईल, आणि कंपनीचे ३०० वर पडतील. हे ६०० महिन्याला ६ टक्क्यांनी २५ वर्षांत चार लाखांच्या आसपास होतात, त्यातले निम्मे कंपनीच्या पैशाचे. रायफलींसाठी तुम्ही हे सोडलं होतं.

७५० मधून विमा आणि ही कपात गेल्यावर साधारण ४५० उरतात. सहा महिन्यांच्या खर्चाचा साठा तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही, तो पुरा होईपर्यंत ३५० बचत खात्यात, मग रॉथ आयआरए या स्वतः उघडायच्या निवृत्ती खात्यात. उरलेले १०० खेळाचे. सहा स्टेजच्या सामन्याला रायफल आणि पिस्तुलं मिळून सव्वाशेहून कमी काडतुसं, शॉटगनचा एखादा बॉक्स आणि प्रवेश फी, एवढं त्यात बसतं. तुमची स्वतःची खेळायची रायफल, उबेर्ती १८७३, विकू नका. ती चांगली चालते, आणि दुसरी घ्यायची गरज नाही.