ड्राय नीडलिंग : प्रशिक्षण किती आणि कसं?

प्रश्न : दोन दिवसांची कार्यशाळा करून फिजिओथेरपिस्टने रुग्णांवर ड्राय नीडलिंग (औषध न देता नुसती बारीक सुई दुखऱ्या स्नायूत टोचण्याचा उपचार) सुरू करावं का?

उत्तर : नाही. अमेरिकेत 2015 साली झालेल्या पाहणीनुसार यासाठी लागणाऱ्या ज्ञान-कौशल्यांपैकी 86 टक्के भाग पदवीतच शिकून होतो. उरतं ते मुख्यतः सुईचं हातकाम, आणि इजा होते ती तिथेच. तिथलं मेरीलँड राज्य 80 तास मागतं, त्यातले 40 प्रत्यक्ष सरावाचे. पण नुसते तास मोजून भागत नाही. शरीराच्या प्रत्येक भागाची परीक्षा वेगळी हवी, परीक्षकाने हात पाहूनच पास करावं. पोटरीवर सफाई आली म्हणून खांद्यावर सुई टोचायची मुभा मिळू नये.

प्रश्न : खांदा आणि पाठीच्या वरच्या भागाबद्दल एवढी ताकीद का?

उत्तर : ट्रॅपेझियस म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंत आणि पाठीवर पसरलेला स्नायू. त्याच्या वरच्या भागाखाली फुप्फुसाचं टोक असतं. किडकिडीत माणसात 40 मिमीची सुई फुप्फुसाच्या आवरणापर्यंत सहज पोहोचते. म्हणून स्नायू चिमटीत धरून छातीपासून वर उचलायचा आणि सुई समोरच्या बोटाच्या दिशेने न्यायची. बरगडीवर काम करताना दोन बोटं वरच्या-खालच्या फटींत रोवून सुई हाडाकडेच वळवायची. चूक बहुधा अशी होते : स्नायू झटका देतो, चिमटी सैल पडते आणि सुई मात्र पुढे जात राहते. हा क्षण शिकाऊ हाताला पुन्हा पुन्हा अनुभवायला मिळाला पाहिजे.

फुप्फुसाला छिद्र पडल्याची लक्षणं काही तासांनीही दिसतात : धाप, खोल श्वास घेताना छातीत दुखणं, कोरडा खोकला. असं झाल्यास लगेच रुग्णालय गाठायचं, हे रुग्णाला सुई टोचण्याआधी, संमती घेतानाच सांगावं.

प्रश्न : रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर?

उत्तर : सरसकट मनाई नाही. बारीक सुई, वरवरचा स्नायू, नंतर नीट दाब. जिथे बाहेरून दाबता येत नाही असे खोल स्नायू टाळा. गोळी बंद करायला मात्र सांगू नका.

प्रश्न : सुई अडकली तर?

उत्तर : ओढू नका. स्नायू आवळलेला असतो. रुग्णाला सैल व्हायला सांगा, दोन-तीन मिनिटं थांबा, आजूबाजूला हलकं चोळा. सुई एकाच दिशेने फिरवली असेल तर उलट फिरवून सोडवा. भोवळ आली तर सगळ्या सुया काढून पाय उंच करा. पहिल्या वेळी रुग्णाला नेहमी झोपवूनच सुया टोचा. टोचलेल्या आणि काढलेल्या सुया मोजून नोंदवा.