समाजशास्त्र नुसतं पाठ करून चालतं का? कोणत्या संकल्पना पक्क्या हव्यात?

तुमची मुलगी तासगावात नववीला आहे. ‘संघराज्य’, ‘सार्वभौम’, ‘विकेंद्रीकरण’ हे शब्द तिला पाठ आहेत, पण कळत नाहीत. क्लासचे सर म्हणतात, कळायची गरज नाही, चाळीस मार्कांचा पेपर पाठांतरावर निघतो. असं तुम्ही लिहिलंय. हेच वाक्य मी स्टाफरूममध्ये एकोणतीस वर्षं ऐकलं, म्हणून लिहायला बसले.

पेपर निघतो, हे खरंच आहे. मी स्वतः तपासलेत.

मी सांगलीतल्या एका हायस्कूलला इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल शिकवायचे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं; धोक्याची पातळी ४५. आमची शाळा उंचावर, त्यामुळे वर्गावर्गात सतरंज्या पडल्या होत्या. सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर, गावभाग, सगळीकडची माणसं आली होती. बाहेरगावांहून भाकऱ्यांची गाठोडी यायची, ती वाटायला आम्ही शिक्षक जायचो.

तिसऱ्या दिवशी एका वर्गात बाप्यांची जोरात चर्चा चालली होती आणि ज्याच्या त्याच्या तोंडी अलमट्टी, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेलं धरण. तिथं पाणी अडवतात म्हणून इकडं फुगवटा येतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या नववीतला एक मुलगा तिथंच आईजवळ बसला होता. घर पाण्यात, दप्तर पाण्यात. मला म्हणाला, “बाई, आपला कलेक्टर त्येंच्या कलेक्टरला फोन करून दारं उघडा म्हणून सांगू शकत न्हाई का?”

मला चटका बसला. याच मुलानं घटक चाचणीत संघराज्याची व्याख्या शब्दन् शब्द बरोबर लिहिली होती आणि मी पैकीच्या पैकी मार्क दिले होते. संघराज्य म्हणजे काय हाच प्रश्न तो मला विचारत होता, आणि ते त्याला माहीत नव्हतं. शिकवूनही ते मी त्याला कळू दिलं नव्हतं.

फळा होता, खडू होता. मी कृष्णा काढली. महाबळेश्वरातून निघाली, कऱ्हाडला कोयना मिळाली, हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. मग आडवी रेघ मारली, ती राज्याची हद्द. रेघेच्या अलीकडचं सरकार आपण निवडलेलं, पलीकडचं तिकडच्या लोकांनी निवडलेलं, आणि दोघांनाही अधिकार एकाच संविधानानं दिलेले. म्हणून आपलं सरकार त्यांना विनंती करू शकतं, फोन करू शकतं, पण हुकूम सोडू शकत नाही. कलेक्टरचा तर प्रश्नच नाही.

“मग दिल्लीवाले?” पोरानं विचारलं.

तेव्हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीवर आले; कोणता विषय केंद्राचा, कोणता राज्याचा, याच्या याद्या तिथं आहेत. पाणी राज्यसूचीत, १७ वा विषय. पण एकाहून जास्त राज्यांतून वाहणाऱ्या नद्यांचं नियमन संघसूचीत, ५६ वा विषय. शिवाय कलम २६२, आणि त्याच्या आधारानं १९५६ चा आंतरराज्य नदी पाणीतंटा कायदा, म्हणून भांडण लवादाकडे जातं. त्याच वर्षी नदी मंडळांचाही कायदा झाला, पण त्याखाली मंडळ काही उभं राहिलं नाही, हेही सांगितलं. “मग कायदा कशाला केला?” असं त्यानं विचारलं. नववीच्या पोराचा यापेक्षा चांगला प्रश्न मी ऐकलेला नाही.

तोवर मागचे म्हातारे पुढं सरकून बसले होते. कृष्णेचा पहिला लवाद १९६९ चा, बच्छावत यांचा. त्यानं ७५ टक्के भरवशाचं पाणी २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) धरलं आणि महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८०० वाटून दिलं. एक आजोबा म्हणाले, “पंच्याहत्तर टक्के भरवसा म्हंजे काय वं बाई?” मला सोप्या शब्दांत सांगता येईना. दारात आमचे गणिताचे सर उभे होते, त्यांच्या हातात मी खडू दिला. त्यांनी शंभर उभ्या रेघा मारल्या, पंच्याहत्तर गोल घेतल्या आणि सांगितलं, शंभरातल्या एवढ्या वर्षी नदीला निदान इतकं पाणी येतंच, उरलेल्या पंचवीस वर्षी कमी येतं आणि भांडण पेटतं. फार सुंदर सांगितलं. मग मी पुढं जोडलं, की ही वाटणी पाणी वापरायची आहे; पूर आल्यावर कुणी किती धरायचं आणि कधी सोडायचं हा निराळा प्रश्न. दुसऱ्या लवादानं २०१० मध्ये अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायला मान्यता दिली, तेव्हापासून कृष्णाकाठाच्या पोटात गोळा आहे तो का, हे त्या वर्गात पोराटोरांसकट सगळ्यांना कळलं.

हेच सर वर्षानुवर्षं मला म्हणायचे, “बाई, तुमच्या विषयात समजायचं काय असतं? गाईड वाचलं की झालं.” त्या दिवशी तसं म्हणाले नाहीत. पण पुढच्या फेब्रुवारीत दहावीचे माझे आठवड्याचे दोन तास गणिताच्या जादा सरावाला गेले आणि सरांनी ते घेतले. मुख्याध्यापकांकडं मी लेखी तक्रार दिली होती. उत्तर आलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडं येते. संकल्पना फार नाहीत. राज्यशास्त्रात मुळाशी एकच प्रश्न आहे: हुकूम कुणाचा चालतो, आणि तो अधिकार त्याला कुणी दिला? संघराज्य, सार्वभौम, विकेंद्रीकरण हे सगळे त्याच्याच पोटातले. तासगावात राहून मुलीला ‘सार्वभौम’ कळत नसेल तर दोष मुलीचा नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये इंग्रजांविरुद्ध तिथल्याच कचेरीवर मोर्चा गेला होता. पुढं नाना पाटलांचं प्रतिसरकार गावोगाव न्यायदान मंडळं बसवून तंटे सोडवत होतं. तिला विचारा, १९४३ साली या भागात खरं सरकार कुणाचं? कागदावर इंग्रजांचं. मग लोक न्याय मागायला कुणाकडं जात होते? तिला वाद घालू द्या. बाहेरच्या कुठल्याही सत्तेचा हुकूम आपल्यावर चालत नाही, हा संविधानाच्या उद्देशिकेतल्या ‘सार्वभौम’ शब्दाचा अर्थ तिचा तीच सांगेल.

विकेंद्रीकरणासाठी औंधची गोष्ट सांगा. १९३९ मध्ये औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी संस्थानाला संविधान दिलं आणि आपली सत्ता ग्रामपंचायतींपर्यंत खाली सोडली. आटपाडी आणि कुंडल त्याच संस्थानात होती. मग पंचायतींना अधिकार देणारी ७३ वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू, अकराव्या अनुसूचीतले २९ विषय, हे पाठ करायला अर्धा तास पुरतो, कारण टांगायला खुंटी मिळालेली असते. तुम्ही शहरात राहता, तुम्हाला नगरपालिका आणि ७४ वी दुरुस्ती. पण जवळच्या एखाद्या गावच्या पाहुण्यांकडं ग्रामसभेच्या दिवशी तिला घेऊन जा. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं लागतात, यातला जो आकडा कमी तो. तेवढी येतात का, ते तिनं स्वतः मोजावं.

भूगोलात पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराच्या आड पाऊस कमी पडतो तो भाग. महाबळेश्वर आणि आटपाडी एका नकाशावर दाखवा, एक सह्याद्रीच्या माथ्यावर, दुसरं त्याच्या पूर्वेला आडोशाला, झालं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. सनावळ्या पाठ कराव्याच लागतात, तिथं माझ्याकडंही दुसरा उपाय नाही. व्याख्याही शेवटी पुस्तकातल्या शब्दांत लिहाव्यात. तपासणारा ते शब्द शोधतो. आणि अलमट्टीबद्दल: पुराची कारणं तपासायला राज्य शासनानं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० च्या अहवालात सांगलीच्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही, आणि इथल्या अनेकांना ते मान्य नाही. मुलीला दोन्ही बाजू सांगा. तुमचं मत नंतर सांगा.

क्लास बंद करा असं मी म्हणणार नाही, गणिताला लागत असेल. पण समाजशास्त्राला क्लास लावू नका, ते पैसे वाया.

आणि एक काम तुम्ही कराच. पुढच्या वर्षी ती दहावीत जाईल तेव्हा जानेवारीच्या पालकसभेत उभे राहा आणि वेळापत्रकाची प्रत मागा. इतिहास-राज्यशास्त्राचे आणि भूगोलाचे आठवड्याला किती तास आहेत ते मोजा. फेब्रुवारीत मुलीच्या वहीवरच्या तारखांशी पडताळून बघा. तास दुसऱ्या विषयाला गेले असतील तर मुख्याध्यापकांना लेखी विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. माझ्या अर्जाला उत्तर आलं नाही, कारण तो एकटीचा होता. तुम्ही दहा पालकांच्या सह्या घेऊन जा.