वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी, तिची किंमत

प्रश्न : दांडिया बाजारातल्या घरी आजोबांची १९६६ ची फियाट ११०० डी अकरा वर्षं ताडपत्रीखाली आहे. मध्ये कधीतरी सीएनजी किट बसवलं होतं. रंग मारून विकली तर भाव जास्त येईल ना? (वडोदरा)

उत्तर : रंग मुळीच मारू नका. ताजा रंग दिसला की जाणकार गिऱ्हाईक आधी खिशातून लोहचुंबक काढतं. पातळ फडक्यात गुंडाळलेलं चुंबक जिथे चिकटत नाही, तिथे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर असतो. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडीचा पत्राच वजन पेलतो. म्हणून दाराखालच्या पट्ट्या, पायाखालचा पत्रा आणि डिकीचा तळ इथला गंज हा सांगाड्याचा गंज समजायचा. किटची टाकी बसवताना डिकीत भोकं पाडतात, तिथून पाणी आत शिरतं. मॅट उचलून बघाच. किट काढा; मूळ कार्बोरेटर आणि एअर फिल्टरचा डबा माळ्यावर पडला असेल तर शोधा. नव्या रंगापेक्षा त्या डब्याला जास्त मोल आहे.

बॅटरी जोडून थेट सेल मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीचा नट पान्याने हळूहळू फिरवा. अडला तर जोर करू नका, पिस्टनच्या रिंगा तुटतील. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. रबरी पाइप बदलताना इथेनॉल सोसणारेच घ्या, कारण आजच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगून फाटतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. ते उघडल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका.

प्रश्न : फेरारी २५० जीटीओ लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली, असं वाचलं होतं. एवढी बोली खरंच लागते? (इंदूर)

उत्तर : बोली तेवढी नव्हती. ऑगस्ट २०१८ मध्ये मॉन्टेरीला आरएम सदबीजच्या लिलावात हातोडा पडला तो ४ कोटी ४० लाखांवर. त्यावर खरेदीदाराची फी : पहिल्या अडीच लाखांवर १२ टक्के, उरलेल्यावर १०. म्हणजे ४४ लाख ५ हजार वर. छापून येतो तो फीसकट आकडा. विकणाऱ्याच्या हाती हातोड्याची रक्कम येते, तीही कमिशन ठरलं असेल तर ते वजा होऊन. बोली राखीव किमतीपर्यंत, म्हणजे विकणाऱ्याने ठरवलेल्या किमान भावापर्यंत, पोचली नाही, तर गाडी न विकताच परत जाते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला दुसरी एक २५० जीटीओ ४ कोटी ७० लाखांवर सुटली, फीसकट ५ कोटी १७ लाख. गाडी वेगळी, त्यामुळे तुलना सैल आहे. तरी पाच वर्षांत हातोड्यात जेमतेम सात टक्क्यांचा फरक, आपली मुदत ठेव याहून बरी! भाव पिढीबरोबर सरकतो. तरुणपणी जी गाडी भिंतीवर चिकटवली, तीच माणूस पैसा आल्यावर शोधतो. म्हणून १९८०-९० च्या गाड्यांना मागणी चढली, आणि युद्धापूर्वीच्या साध्या मॉडेलांचे जुने चाहते कमी होताहेत. फियाट-अँबेसिडरलाही हाच हिशेब लावा : लहानपणी त्यात बसलेले आज पन्नाशी-साठीत आहेत, गिऱ्हाईक तेच.

प्रश्न : जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसमधलं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन पाहिल्यापासून विंटेज नोंदणीचा विचार आहे. करावी का? (कारेलीबाग, वडोदरा)

उत्तर : रोज चालवायची असेल तर नको. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी हवी, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. डिझेल इंजिन बसवलेली गाडी इथेच अडते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००. मुदत दहा वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, हे मात्र सोडू नका. अर्जाआधी गाडीवर कोरलेल्या चेसिस नंबरावर कागद ठेवून, पेन्सिल घासून त्याचा ठसा (चेसिस प्रिंट) काढून आरसी बुकातल्या आकड्यांशी एकेक करून ताडून बघा.