‘कान नाही’ असं लिहिण्याआधी फळ्यावरची अक्षरं बघा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि बराच वेळ झोप लागली नाही. केनियाच्या किनाऱ्यावरच्या शाळेत तीन महिने गाणं शिकवायला गेलात, स्वाहिली येत नाही, तिसरा आठवडा संपत आला तरी साधी सरगम लागत नाही. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘काही मुलांना कानच नाही.’ अगदी हेच वाक्य २०१७ साली त्याच किनाऱ्यावरच्या किलिफी गावात मी माझ्या वहीत लिहिलं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून एवढं लांबलचक उत्तर.

स्वाहिली कुठून शिकावी, लस, मच्छरदाणी, हे बाकीचे सांगतीलच. मला एकच विचारायचंय: फळ्यावर तुम्ही स्वर कसे लिहिता?

मी रोमन लिपीत लिहायचे. मुलांना देवनागरी येत नाही, म्हणून एस, आर, जी, एम, पी, डी, एन. सोपं वाटलं होतं. मी ‘सा’ लावला की निम्मी मुलं भलतीकडे जायची. ‘म’ म्हटलं की हमखास खाली, गंधारावर (ग). धैवताच्या (ध) जागी तर काही जण थेट षड्जावर (सा) उतरायची. गंमत अशी की ग, प आणि नि मात्र माझ्या मागून नीट म्हणायची. मी रोज हार्मोनियमवर तोच सूर दाबून धरायचे, आवाज चढवायचे, पुन्हा पुन्हा घोकून घ्यायचे. सगळ्यांत जास्त चुकणाऱ्या पाचसहा मुलींना मी मागच्या बाकावर बसवलं आणि ‘तुम्ही फक्त टाळी धरा’ असं खुणेनं सांगितलं.

सातव्या आठवड्यात एका दुपारी पाऊस आला म्हणून व्हरांड्यात थांबले. शेजारच्या वर्गात तिथल्या एक शिक्षिका शाळेच्या कॉयरची, म्हणजे समूहगायनाच्या चमूची, तालीम घेत होत्या. फळ्यावर डी, आर, एम, एफ, एस, एल, टी ही अक्षरं, मध्ये विसर्गासारखी टिंबं आणि उभ्या रेघा. मुलं ती अक्षरं वाचून, वाद्याशिवाय, दोन वेगवेगळ्या ओळी एकाच वेळी गात होती. खालची ओळ सांभाळत होती माझ्या मागच्या बाकावरची मुलगी.

ही टॉनिक सोल्फा पद्धत. इंग्लंडात १९व्या शतकात जॉन कर्वेन यांनी ती रूढ केली आणि मिशनऱ्यांबरोबर ती आफ्रिकेत पोचली. केनियातल्या शाळांमध्ये, चर्चच्या कॉयरमध्ये ती चांगली मुरलेली आहे. डो, रे, मी, फा, सो, ला, टी. आता माझा फळा त्यांच्या डोळ्यांनी वाचा. माझा एस त्यांचा ‘सो’, म्हणजे आपला पंचम (प). माझा एम त्यांचा ‘मी’, म्हणजे गंधार. माझा डी त्यांचा ‘डो’, म्हणजे चक्क षड्ज. एकटा आर काय तो दोघांचा सारखा. जी, पी आणि एन त्यांच्या पद्धतीत नाहीतच, म्हणून तेवढ्याच जागी ती माझं ऐकून गायची. ज्यांची तालीम पक्की, तीच मुलं सर्वांत जास्त चुकत होती.

मी ज्या संस्थेमार्फत गेले तिच्या माहितीपत्रात लिहिलं होतं, ‘मुलांना संगीताची कोणतीही ओळख नाही, शून्यापासून सुरुवात करावी.’ शाळेत आधीपासून कोणी गाणं शिकवतं का, असं मी निघण्यापूर्वी दोनदा ईमेल करून विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तरात सामानाची यादी आली. बारापैकी सात आठवडे गेले, आणि त्या मुलींनी मागच्या बाकावर काढलेले दिवस मी परत देऊ शकत नाही. त्यांची मी माफी मागितली, शिक्षिकाबाईंना मध्ये घालून. संस्थेला शेवटी तीन पानी अहवाल दिला. उत्तर नाही.

तर आता काय करायचं? माझं मत ठाम आहे: सरगम बाजूला ठेवा, त्यांच्या अक्षरांत लिहा. त्यांचा ‘डो’ आपल्या ‘सा’सारखाच कुठेही धरता येतो, काळी एक धरा की पांढरी चार. मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर डी, आर, एम, एस, एल एवढंच लिहिलं. सा रे ग प ध, म्हणजे भूप राग! अख्खा वर्ग पहिल्या झटक्यात सुरात. यमन रागासाठी ‘फा’च्या जागी ‘फी’ लिहा, तो त्यांचा तीव्र मध्यम, म्हणजे चढा म. सा रे ग म ही नावं शेवटच्या आठवड्यात आणा, तेव्हा ती हौसेनं शिकतात. ‘सरगम सोडली तर आपलं संगीत काय शिकवलं’ असं म्हणणारे भेटतील. मला ते पटत नाही. मी स्वतः विशारद आहे, पण मुलांच्या गळ्यात भूप बसला तो त्यांच्या अक्षरांमुळे.

आणखी एक. आपण दाद देताना मान डोलावतो ना, ती तिथे ‘नाही, चुकलं’ अशी दिसते. चांगली तान आली की मी मान हलवायचे आणि मूल गप्प व्हायचं. मान खाली-वर हलवा, किंवा ‘सावा’ म्हणा, म्हणजे ‘ठीक’. ‘तेना’ म्हणजे पुन्हा, ‘पोले पोले’ म्हणजे सावकाश. वर्गात मला एवढ्यावर निभावलं. आणि दादरा तालात मुलं सहा मात्रांचे तीन-तीनचे दोन भाग न करता दोन-दोनवर तीन टाळ्या देऊ लागली तर थांबवू नका. तीनावर दोन त्यांच्या अंगात आहे, तुम्ही ठेका तसाच धरून ठेवा, छान बसतं.

तालमीची वेळ ‘सा तातू’, शब्दशः ‘तीन वाजता’, अशी सांगितली तर ती सकाळी नऊची. स्वाहिली घड्याळ सकाळी सातला एक वाजवतं. मी दुपारी तीनला पोचले होते.

व्हिसाबद्दल: पर्यटक म्हणून येऊन शिकवलं तरी चालतं, असं कोणी तोंडी सांगितलं असेल तर ते लेखी मागा आणि सरकारी संकेतस्थळावर स्वतः तपासा. नियम बदलतात, मी काही वकील नाही. माझा अनुभवही एकाच शाळेचा आहे, तुमच्याकडे कॉयर नसेलही.

म्हणून उद्या आधी एवढंच करा. हार्मोनियमवर सा धरा, तोच ‘डो’ म्हणून गाऊन दाखवा आणि फक्त ‘मी’ असं म्हणा. कोण कोण न सांगता गंधारावर जातं ते बघा. आणि इथे नक्की कळवा, मी वाट बघते.