सोशल मीडियावरच्या बातम्यांवर कितपत विश्वास ठेवावा?

तुम्ही लिहिलंय की व्हॉट्सॲपवर आलेली प्रत्येक बातमी वडील खरी मानतात आणि 'हे खोटं आहे' म्हटलं की चिडतात. मी नाशिकला राहतो, घरची शेती निफाड तालुक्यात, कांद्याची. आमच्याकडे नुसत्या बातमीवर भाव हलतो, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात दर हंगामात येतो. माझं उत्तर त्यातूनच आलेलं आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात ३१ मार्च २०२४ पर्यंत बंद केली होती. १८ फेब्रुवारीला, रविवारी, बातमी पसरली की बंदी उठली. लासलगावला शनिवारी कांद्याचा सर्वसाधारण भाव क्विंटलला १२८० रुपये होता, तो सोमवारी १८०० झाला. आणि मंगळवारी केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितलं की बंदी उठलेली नाही, ३१ मार्चपर्यंत कायम आहे.

माझ्या काकांचा कांदा त्या रविवारी ट्रॅक्टरमध्ये भरून तयार होता. रात्री त्यांच्या फोनवर सात ग्रुपांवर तोच मेसेज आला. त्यांनी ठरवलं, सोमवारी न्यायचा नाही, अजून चढेल, बुधवारी नेऊ. फेब्रुवारीतला कांदा म्हणजे लाल, रांगडा. उन्हाळ कांद्यासारखा तो कांदा साठवायच्या चाळीत महिनोनमहिने ठेवता येत नाही, दिवस गेला की वजन घटतं आणि माल खराब व्हायला लागतो. शेवटी सोमवारच्या भावापेक्षा कमी भावाने तो विकावा लागला. नंतर काका एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अरे, सात ग्रुपवर आलं होतं." तेव्हा मला कळलं की माणूस नेमका कुठे फसतो. सात ठिकाणी आलेला एकच मेसेज म्हणजे सात साक्षीदार नव्हेत. कुणीतरी एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी ते पुढे ढकललं.

पण ती बातमी कुणी घरी बसून रचलेली नव्हती, हे महत्त्वाचं आहे. टीव्हीवर, वर्तमानपत्रांतही ती आली होती. मंत्रिगटाच्या बैठकीतल्या निर्णयाच्या आधाराने ती चालली, अधिसूचना मात्र निघालेलीच नव्हती. म्हणून 'पेपरात आलं ते खरं आणि व्हॉट्सॲपवर आलं ते खोटं' अशी सरळ वाटणी मी करत नाही. मी विचारतो, कागद निघालाय का? निर्यातीबाबत असेल तर विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना, शाळेला सुट्टी असेल तर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. खऱ्या कागदावर तारीख असते, जावक क्रमांक असतो, खाली सही करणाऱ्याचं पद असतं. म्हणजे उद्या चुकलं तर जाब कुणाला विचारायचा ते ठाऊक असतं. ३१ मार्चनंतरही बंदी लांबली, आणि ४ मे २०२४ ला ती खरोखर उठली तेव्हा कागद होता आणि त्यात अटीही होत्या: टनाला किमान ५५० डॉलर निर्यात मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क. आमच्या ग्रुपवर मात्र 'बंदी उठली' एवढेच दोन शब्द फिरले.

दुसरा प्रकार मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण त्यात खोटं काहीच नसतं. बाजार समितीच्या भावात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात. ग्रुपवर येतो फक्त कमाल. एखाद्याच्या चार-पाच क्विंटल निवडक मालाला तो भाव मिळालेला असतो, पावतीचा फोटोही खरा असतो. तो बघून दुसरा शेतकरी पंचवीस किलोमीटरवरून पिकअपचं भाडं देऊन माल आणतो आणि त्याला सर्वसाधारणपेक्षाही कमी भाव मिळतो. इथे 'फॅक्ट चेक' करून काही हाती लागणार नाही, आकडा बरोबरच आहे. उरलेले दोन आकडे कुठे आहेत, हे विचारावं लागतं. तुमच्या वडिलांकडे येणाऱ्या औषधांच्या, व्याजदरांच्या, सरकारी योजनांच्या मेसेजांतही हेच बघा. रक्कम असते, पात्रतेची अट नसते.

पावसाळ्यात शहरात वेगळंच चालू होतं. गोदावरीला पाणी वाढलं की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला. ४ ऑगस्ट २०१९ च्या पुराचे व्हिडिओ अजूनही 'आत्ताचं दृश्य' म्हणून फिरतात. माझी मावशी सराफ बाजाराच्या मागे राहते. एका रात्री असा व्हिडिओ आणि 'गंगापूर धरणाचे सगळे दरवाजे उघडले' असा मेसेज बघून तिने घरातलं सामान वरच्या मजल्यावर न्यायला सुरुवात केली होती. मेसेजात तारीख नव्हती, किती क्युसेक पाणी सोडलं ते नव्हतं, किती वाजल्यापासून तेही नव्हतं. खऱ्या विसर्गाच्या सूचनेत हे तिन्ही असतं. 'आज', 'आत्ता', 'उद्या सकाळी' असे शब्द असले आणि तारीख नसली, की तो मेसेज दरवर्षी नव्याने खरा वाटतो. मी महापालिकेच्या नियंत्रण कक्षाला फोन केला आणि मावशीला सांगितलं, पण तोवर तिने तो तिच्या भजनी मंडळाला पाठवलेला होता.

हे सगळं पैशाचं आणि धावपळीचं नुकसान. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. त्याच रात्री आमच्या जिल्ह्यात मालेगावात एका कुटुंबावर जमाव धावून गेला, त्यांना पोलिसांनी वाचवलं. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या चित्रफितीचा तुकडा होता. शेवटी मुलाला परत आणून सोडतात, तेवढाच भाग कुणीतरी कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एकावेळी पाचच चॅटना पाठवता येईल अशी मर्यादा आणली. फार वेळा ढकललेल्या मेसेजवर आता दोन बाण दिसतात. ते बाण दिसले की वडिलांना दाखवा. मूळ लेखक आपल्याला ठाऊक नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

राहिली वडिलांची गोष्ट. ग्रुपवर सगळ्यांसमोर त्यांना खोडू नका. मेसेज पाठवणारा त्यांचा जुना मित्र किंवा व्याही असतो, आणि बातमीवर शंका घेतली की ती त्या माणसावर घेतल्यासारखी त्यांना वाटते. मी काकांना एवढंच म्हटलं, "पाठवणारा माणूस सोन्यासारखा आहे, पण त्याला कुणी पाठवलं?" मग शेजारी बसून, त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच हाताने बाजार समितीचे तिन्ही भाव आणि अधिसूचना कुठे बघायच्या ते दाखवलं. तीन-चार वेळा दाखवावं लागलं.

आता काही आलं की काका मला पाठवतात आणि खाली लिहितात, 'कागद निघालाय का बघ.' कधी मला शोधायला दोन तास लागतात. तोवर ते कुणालाही पुढे पाठवत नाहीत.