सिंगापूरला तीन दिवस, काय बघू?

प्रश्न: आईबाबांना घेऊन सिंगापूरला चाललोय, फक्त तीन दिवस आहेत. आई शाकाहारी, बाबांना मॉलचा कंटाळा. काय चुकवू नये?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: दादा, मग मॉल सोडाच आणि जुन्या वस्त्या पायी फिरा, खरं शहर तिथंच भेटतं. पहिली सकाळ लिटिल इंडियात. सेरंगून रोडवर मोगऱ्याचे गजरे विकायला असतात, आईंना महाद्वार रोडचीच आठवण येणार बघा, आणि तिथलं कोमला विलास १९४७ पासूनचं शाकाहारी हॉटेल आहे त्यामुळं जेवणाची काळजी मिटली.

कांपोंग ग्लाम या जुन्या मलय-मुस्लिम वस्तीतली सुलतान मशीद मात्र सावकाश बघा. सोनेरी घुमटाच्या खाली एक काळपट पट्टा दिसतो, जवळ जाऊन मान वर करून नीट बघा, त्या काचेच्या बाटल्यांच्या बुडांच्या ओळी आहेत, गरीब लोकांनी दिलेल्या, म्हणजे मशीद बांधताना त्यांचाही हात लागावा म्हणून. मला तर ही गोष्ट सगळ्या उंच टॉवरांपेक्षा मोठी वाटते.

चायनाटाउनात १८२७ चं मरिअम्मन मंदिर आहे, सिंगापूरमधलं सगळ्यात जुनं हिंदू मंदिर, आणि त्याच रस्त्यावर चार पावलांवर मशीदपण.

संध्याकाळी गार्डन्स बाय द बे ही मोठी बाग. तिथल्या सुपरट्रीचा, म्हणजे झाडासारख्या उंच मनोऱ्यांचा, लाइट शो पावणेआठला आणि पावणेनऊला असतो, खालून बघायला फुकट. दुपारी ऊन आणि दमटपणा लय असतो, बाबांना तेव्हा हॉटेलवर झोपू द्या, आणि छत्री विसरू नका.